‘अप्लाय ड्रायव्हर पॅकेज’वर टास्क सिक्वेन्स वारंवार आपटते? आधी टप्पा ओळखा, मग कोड बघा

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्याच्या आगेमागे कंपन्या-कंपन्यांमध्ये विंडोज ११ च्या इमेजिंगची, म्हणजे तयार विंडोज एकेका मशीनवर चढवण्याची, घाई सुरू झाली. कॉन्फिगरेशन मॅनेजर हा मायक्रोसॉफ्टचा मशीन सांभाळण्याचा प्रोग्राम, म्हणजे आपण सगळे अजूनही ज्याला एससीसीएम म्हणतो तो, वापरणाऱ्या टीमकडे तेव्हापासून एकच तक्रार फिरून फिरून येते. डिस्क पार्टिशन होते, इमेज लागते आणि ‘अप्लाय ड्रायव्हर पॅकेज’ या स्टेपवर टास्क सिक्वेन्स (मशीन तयार करण्याच्या स्टेप्सची मालिका) आपटते. मग कुणीतरी पॅकेज पुन्हा डिस्ट्रिब्यूट करतं, चार मशीन सुरळीत जातात, नवं मॉडेल येतं आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

हे परत परत होतं, कारण त्या एका स्टेपच्या नावाखाली तीन निरनिराळी कामं चालतात आणि आपण तिन्हींना एकच औषध देतो. मशीनसाठी योग्य पॅकेज निवडणं हे पहिलं काम. ते डिस्ट्रिब्यूशन पॉइंटवरून (पॅकेजेस वाटणाऱ्या सर्व्हरवरून) मशीनवर उतरवणं हे दुसरं. आणि उतरवलेले ड्रायव्हर नुकत्याच लावलेल्या विंडोजच्या ड्रायव्हर स्टोअरमध्ये घालणं हे तिसरं. पहिलं बिघडलं तर दोष मॉडेल ओळखणाऱ्या क्वेरीत असतो, दुसरं बिघडलं तर नेटवर्क, परवानग्या किंवा आयआयएस या वेब सर्व्हरमध्ये, आणि तिसरं बिघडलं तर ड्रायव्हर घालणाऱ्या डिझम या टूलच्या किंवा ड्रायव्हरच्या फाइलींच्या बाजूला. एरर कोडवरून हे कळतंच असं नाही. ८०००४००५ चा अर्थ ‘काहीतरी चुकलं’ याच्यापलीकडे जात नाही, आणि ८००७०००२ म्हणजे ‘फाइल सापडली नाही’, पण ती डाउनलोड करताना सापडली नाही की ड्रायव्हर घालताना, हे तो कोड सांगत नाही. (कोड लिहिताना सुरुवातीचा शून्य-एक्स मी सगळीकडे गाळला आहे.) म्हणून कोड शोधत बसण्याआधी टप्पा ठरवायचा.

टप्पा कसा ओळखायचा

सगळं एका लॉगमध्ये आहे: एसएमएसटीएस.लॉग. अडचण इतकीच की तो जागा बदलतो. डिस्क फॉरमॅट होण्याआधी तो एक्स ड्राइव्हवर विंडोज\टेम्प\एसएमएसटीएसलॉग या फोल्डरमध्ये असतो. फॉरमॅट झाल्यावर सी ड्राइव्हवरच्या _एसएमएसटास्कसिक्वेन्स\लॉग्ज\एसएमएसटीएसलॉगमध्ये जातो. एससीसीएमचा क्लायंट बसल्यावर विंडोज\सीसीएम\लॉग्जखाली. ड्रायव्हरची स्टेप इमेज लागल्यानंतर पण अजून विनपीईमध्येच (इमेज लावण्यापुरत्या चालणाऱ्या छोट्या विंडोजमध्ये) असताना चालते, म्हणून आपल्या कामाची जागा यातली दुसरी.

तिथे पोचायला एफ८ लागतो, आणि एफ८ चालायला बूट इमेजच्या (जिच्यातून विनपीई सुरू होतो तिच्या) प्रॉपर्टीजमध्ये कमांड सपोर्टची टिक आधीच असावी लागते. चुकलेल्या मशीनवर एररची खिडकी मुळात १५ मिनिटं थांबते आणि मग मशीन रीस्टार्ट होतं. एफ८ ची काळी खिडकी उघडी असेपर्यंत मात्र ते रीस्टार्ट होत नाही. तेव्हा आधी एफ८ दाबा, मग चहाला जा. बूट इमेजमध्ये सीएमट्रेस हा लॉग वाचायचा प्रोग्राम असतोच, लॉग त्यातच उघडा.

आता महत्त्वाचं. लाल ओळ वाचू नका, तिच्या वर सरका. ओएसडीड्रायव्हरक्लायंट हा प्रोग्राम जिथे सुरू होतो ती जागा शोधा आणि तिथून खाली या. ‘सेट कमांड लाइन’ अशी एक ओळ आहे का बघा. तिच्यात डिझम.ईएक्सई, मग इमेजचा सी ड्राइव्ह आणि शेवटी पीकेजीएमजीआरटेम्प फोल्डरमधली ड्रायव्हर्स.एक्सएमएल फाइल असं लिहिलेलं दिसेल. ती ओळ असेल तर पॅकेज मशीनवर व्यवस्थित उतरलेलं आहे आणि भांडण तिसऱ्या टप्प्यात आहे. तेव्हा डिस्ट्रिब्यूशन पॉइंटला हात लावायचा नाही. ती ओळ नसेल आणि त्याऐवजी डाउनलोडच्या ओळी पडत-उठत संपत असतील, तर दुसरा टप्पा. आणि ओएसडीड्रायव्हरक्लायंट सुरूच झालेला नसेल, कंडिशन फॉल्स आली म्हणून स्टेप वगळली असं लिहिलं असेल, तर पहिला.

एवढं बघायला दोन-तीन मिनिटं लागतात. ती न देता पॅकेज रीडिस्ट्रिब्यूट करत राहणं म्हणजे साप साप म्हणून भुई धोपटणं.

पहिला टप्पा: न दिसणारी चूक

इथे टास्क सिक्वेन्स फेल होत नाही, आणि म्हणूनच हा टप्पा सगळ्यात घातक आहे. स्टेप गुपचूप वगळली जाते, मशीन हिरव्या टिकने बाहेर पडतं आणि युजरच्या हातात वायफाय नसलेला, मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अॅडॉप्टरवर चालणारा लॅपटॉप पडतो.

दोष बहुतेक वेळा मॉडेलच्या क्वेरीत असतो. विंडोज मशीनची माहिती जिथे ठेवते त्या विन३२_कंप्युटरसिस्टिममधलं मॉडेल हे फील्ड सगळ्या कंपन्या एकाच पद्धतीने भरत नाहीत. लेनोवोमध्ये तिथे मशीन टाइपचा नंबर असतो आणि ‘थिंकपॅड टी१४’ हे ओळखीचं नाव विन३२_कंप्युटरसिस्टिमप्रॉडक्टच्या व्हर्जन या फील्डमध्ये सापडतं. ज्याने डेलसाठी लिहिलेली क्वेरी लेनोवोवर तशीच उचलली, त्याची स्टेप कधीच चालणार नाही.

उलट बाजूची चूक म्हणजे क्वेरी फार सैल असणं. लाइक लिहून ‘टी१४’च्या दोन्ही बाजूंना टक्क्याचं चिन्ह (म्हणजे ‘इथे काहीही चालेल’) लावलंत की टी१४एस पण आत येतो. एचपीमध्ये ‘८४०’ आणि ‘जी१’ टक्क्याने जोडलेत तर जी१० आणि जी११ सुद्धा त्यात बसतात. अंडरस्कोअरचंही लक्षात ठेवा. डब्ल्यूक्यूएलच्या, म्हणजे या क्वेरीच्या भाषेच्या, लाइकमध्ये अंडरस्कोअर म्हणजे ‘कुठलंही एक अक्षर’. नावात खरोखरच अंडरस्कोअर असेल असं समजून लिहिलेली क्वेरी भलत्याच मॉडेलला लागू शकते.

माझं स्पष्ट मत आहे की मार्केटिंगच्या नावांवर क्वेरी लिहूच नये. एचपीसाठी विन३२_बेसबोर्डमधला चार अक्षरी प्रॉडक्ट कोड वापरा, डेलसाठी विन३२_कंप्युटरसिस्टिममधला सिस्टिमएसकेयूनंबर, लेनोवोसाठी मशीन टाइपची पहिली चार अक्षरं. नाव बदलतं, कोड बदलत नाही. शिवाय सगळ्या ड्रायव्हर स्टेप्सच्या शेवटी एक तपासणी ठेवा. प्रत्येक मॉडेलच्या गटात एक टास्क सिक्वेन्स व्हेरिएबल भरायचं, आणि ते रिकामं राहिलं तर सिक्वेन्स मुद्दाम थांबवायची. ड्रायव्हर नसलेलं मशीन युजरपर्यंत जाण्यापेक्षा ते टेबलावर लाल झालेलं बरं.

दुसरा टप्पा: पॅकेज खाली उतरत नाही

८००४०१०२ आला तर पॅकेजची जागाच सापडलेली नाही. लॉगमध्ये मशीनला मिळालेला आयपी पत्ता बघा आणि तो कुठल्या बाउंड्री ग्रुपमध्ये (कुठल्या पत्त्यांना कुठला डिस्ट्रिब्यूशन पॉइंट ते ठरवणाऱ्या गटात) येतो ते तपासा. नव्या मजल्यावर किंवा नव्या शाखेत नेटवर्क टीमने नवा सबनेट दिला आणि एससीसीएमच्या टीमला कुणी सांगितलं नाही, ही याची नेहमीची गोष्ट. बाउंड्री बरोबर असेल तर त्या डिस्ट्रिब्यूशन पॉइंटवर पॅकेज खरंच पोचलंय का ते बघा. सर्व्हरवरचे डिस्टमॅनेजर.लॉग आणि पीकेजीएक्सफरमॅनेजर.लॉग ते सांगतात.

८००७०००२ या टप्प्यावर आला तर नेटवर्क अॅक्सेस अकाउंट (ज्या खात्याने मशीन पॅकेजपर्यंत पोचतं ते) तपासा: लॉक झालंय का, पासवर्ड संपलाय का. एकाच दिवशी सगळी मॉडेलं एकदम पडायला लागली तर संशय आधी इथेच घ्यावा. एचटीटीपीएस वापरत असाल आणि ८००७२एफ८एफ दिसला तर बायोसमधली तारीख-वेळ बघा. बरेच महिने गोदामात पडून राहिलेल्या लॅपटॉपचं घड्याळ मागे गेलेलं असतं आणि सर्टिफिकेट त्यामुळे अवैध ठरतं.

८००९१००७ म्हणजे हॅश (फाइलींच्या मजकुरावरून काढलेला ठसा) जुळला नाही. पॅकेज वाटलं गेल्यावर सोर्स फोल्डरमध्ये कुणीतरी एखादी फाइल टाकली किंवा काढली, किंवा डिस्ट्रिब्यूशन पॉइंटवरची प्रत खराब झाली. इथे मात्र पॅकेज अपडेट करणं आणि कंटेंट व्हॅलिडेट करणं हाच खरा उपाय. तरीही तो कोड पुन्हा पुन्हा येत असेल तर सोर्स फोल्डरवर लिहिण्याची परवानगी कुणाकुणाला आहे ते बघा. मूळ तिथे असतं.

आता ज्याने अनेकांचे दिवस खाल्लेत तो कोड: ८०१९०१९४. यातले शेवटचे तीन आकडे हेक्समध्ये आहेत, आणि हेक्समधला १९४ म्हणजे दशमानात ४०४. म्हणजे साधा ‘पान सापडलं नाही’. पण डिस्ट्रिब्यूशन पॉइंटवर जाऊन बघितलं तर पॅकेज जागेवर आहे, कन्सोल हिरवा आहे, शेजारच्या मॉडेलचं पॅकेज त्याच सर्व्हरवरून सुरळीत उतरतंय. मग ४०४ का?

उत्तर आयआयएसच्या रिक्वेस्ट फिल्टरिंगमध्ये आहे. आयआयएस मुळातच काही नावं बाहेर देत नाही. ‘बिन’ नावाचा फोल्डर हा त्याच्यासाठी लपवलेला भाग आहे, आणि ड्रायव्हर पॅकमध्ये बिन नावाचे फोल्डर सर्रास असतात. फाइलच्या किंवा फोल्डरच्या नावात अधिकचं चिन्ह असेल तर डबल एस्केपिंगचा नियम आड येतो. काही एक्स्टेन्शनही अडवली जातात. खात्री करायची असेल तर डिस्ट्रिब्यूशन पॉइंटवर इनेटपब\लॉग्ज\लॉगफाइल्समध्ये त्या वेळेच्या ओळी उघडा. ४०४ च्या शेजारी सब-स्टेटसचा आकडा असतो. ८ असेल तर लपवलेला फोल्डर, ११ असेल तर डबल एस्केपिंग, ७ असेल तर एक्स्टेन्शन. ओळीत फाइलचं नावही असतं, त्यामुळे अंदाज बांधायची गरज उरत नाही.

दुरुस्ती दोन प्रकारे होते. एक म्हणजे अॅप्लिकेशनहोस्ट.कॉन्फिगमध्ये तो नियम सैल करायचा. पण ते प्रत्येक डिस्ट्रिब्यूशन पॉइंटवर करावं लागतं, उद्या नवा सर्व्हर उभा राहिला की विसरलं जातं, आणि सिक्युरिटीवाल्यांना पटवावंही लागतं. दुसरा मार्ग, मला जास्त पटणारा, खाली सांगतो.

तिसरा टप्पा: डिझम ड्रायव्हर घ्यायला तयार नाही

इथे एसएमएसटीएस.लॉग फक्त ‘डिझम फेल झाला’ एवढं बोलतो. खरी हकिकत पीकेजीएमजीआरटेम्पमधल्या डिझम.लॉगमध्ये आणि सी ड्राइव्हवर विंडोज\आयएनएफमधल्या सेटअपएपीआय.ऑफलाइन.लॉगमध्ये असते. दुसरा लॉग जास्त कामाचा, कारण नेमकी कुठली आयएनएफ फाइल (ड्रायव्हर कसा बसवायचा ते सांगणारी) नाकारली ते त्यात नावानिशी लिहिलेलं असतं.

८००७००३२, किंवा दशमानात नुसता ५०, म्हणजे ‘ही विनंती चालत नाही’. बहुतेक वेळा बूट इमेजमधला डिझम जुना असतो आणि लावलेली इमेज नवी. एडीके (बूट इमेज बनवायचा मायक्रोसॉफ्टचा साधनसंच) अपडेट केला म्हणजे बूट इमेज आपोआप नवी होते असं नाही. बूट इमेज अपडेट करताना चालू एडीकेमधल्या विनपीईने ती रीलोड करण्याचा पर्याय वेगळा निवडावा लागतो. विनपीईचं अॅड-ऑनही विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून एडीकेपासून वेगळं झालंय, तेव्हा दोन्ही एकाच आवृत्तीचे आहेत ना ते बघा.

८००७०००३ आला तर पाथची लांबी मोजा. ड्रायव्हर पॅक उघडल्यावर कंपनीचं नाव, मॉडेल, ओएस, आवृत्ती, प्रकार, पुन्हा आवृत्ती असे फोल्डरमध्ये फोल्डर निघतात, त्यापुढे आपला सर्व्हर पाथ जोडला की २६० अक्षरांची मर्यादा सहज ओलांडली जाते. सोर्सचा पाथ आखूड ठेवा. ८००७०५७० म्हणजे फाइल खराब, पॅक नव्याने उतरवा. ८००७००७० म्हणजे जागा संपली, पार्टिशनच्या स्टेपमधले आकडे बघा.

८००एफ०२४बी मात्र जरा थांबून समजून घेण्यासारखा आहे. आयएनएफ ही साधी टेक्स्ट फाइल असल्यामुळे ती नोटपॅडमध्ये उघडते आणि हात शिवशिवतात. एखादं नवं हार्डवेअर जुन्या ड्रायव्हरवर चालावं म्हणून कुणीतरी तिच्यात एका डिव्हाइस आयडीची ओळ वाढवतं. पण तिच्या शेजारच्या सीएटी (कॅटलॉग) फाइलमध्ये त्या आयएनएफचा हॅश नोंदलेला आणि सही केलेला असतो. एक अक्षर बदललं, अगदी शेवटी एक मोकळी जागा वाढली, तरी हॅश जुळत नाही आणि विंडोज ‘या फाइलचा हॅश कॅटलॉगमध्ये नाही’ म्हणून नाकारते. तो आहे हा कोड. उपाय एकच: मूळ पॅकमधली न बदललेली फाइल परत ठेवायची, आणि त्या हार्डवेअरसाठी बनवणाऱ्या कंपनीचा सही केलेला ड्रायव्हर आणायचा.

ओएसडीइन्स्टॉलड्रायव्हर्सअॅडिशनलऑप्शन्स या व्हेरिएबलमध्ये फोर्सअनसाइन्ड टाकून हा कोड गप्प करण्याचा सल्ला काहीजण देतात. कृपया तसं करू नका. डिझम ते स्वीकारेल, स्टेप हिरवी होईल, पण ६४-बिट विंडोज सही नसलेला कर्नल ड्रायव्हर चालवणार नाही. तो ड्रायव्हर बूटसाठी लागणारा असेल तर पहिल्याच रीस्टार्टला सी००००४२८ घेऊन मशीन निळ्या पडद्यावर उभं राहील. ही आगीतून फुफाट्यात उडी आहे.

पॅकेजमध्ये शे-दोनशे आयएनएफ आहेत आणि लॉग वाचूनही दोषी सापडत नाही, असं झालं तर एफ८ च्या खिडकीतूनच शोध घ्या. _एसएमएसटास्कसिक्वेन्स\पॅकेजेसखाली पॅकेज आयडीच्या नावाचा फोल्डर असतो. डिझमची अॅड-ड्रायव्हर कमांड रिकर्ससकट (आतले फोल्डर धरून) आधी एका उपफोल्डरवर चालवा, मग दुसऱ्यावर. ऑडिओ, चिपसेट, ग्राफिक्स असे गट पाडलेले असतील तर पाच-सहा वेळा कमांड चालवून दोषी हाती लागतो.

ड्रायव्हर पॅकेजवर फुकट आळ येतो ते प्रकरण

अकराव्या पिढीपासूनच्या बऱ्याच इंटेल लॅपटॉपवर व्हीएमडी (डिस्क सांभाळणारी इंटेलची सोय) चालू असतो, आणि त्याचा ड्रायव्हर बूट इमेजमध्ये नसेल तर विनपीईला एनव्हीएमई डिस्क दिसतच नाही. सिक्वेन्स पार्टिशनच्या स्टेपवर पडते, पण ‘ड्रायव्हरचा प्रॉब्लेम’ म्हटल्यावर लोक मॉडेलचं ड्रायव्हर पॅकेज उकरायला घेतात. चोर सोडून संन्याशाला फाशी. एफ८ दाबून डिस्कपार्टमध्ये लिस्ट डिस्क टाका. फक्त पेनड्राइव्ह दिसला किंवा काहीच दिसलं नाही, तर इंटेलच्या रॅपिड स्टोरेजमधला आयएस्टॉरव्हीडी.आयएनएफ हा ड्रायव्हर बूट इमेजमध्ये घाला.

एवढ्यावर थांबू नका. तोच ड्रायव्हर मॉडेलच्या पॅकेजमध्येही हवा. बूट इमेजमधला ड्रायव्हर फक्त विनपीईपुरता असतो. नव्या विंडोजकडे तो नसेल तर पहिल्या रीस्टार्टनंतर इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस ठरलेला. बायोसमधून व्हीएमडी बंद करूनही काम चालतं, पण मग तो निर्णय त्या मॉडेलच्या झाडून सगळ्या मशीनसाठी घ्या. पन्नास मशीनवर चालू आणि दहांवर बंद असेल, आणि उद्या बायोस रीसेट झाला, तर तीच दहा मशीन बूट व्हायची थांबतील.

बूट इमेजमध्ये नेटवर्क आणि स्टोरेज यांपलीकडे काहीही घालू नका. ग्राफिक्स आणि ऑडिओसकट अख्खा पॅक आत कोंबलेल्या बूट इमेज पाहिल्या की जीव कळवळतो. पीएक्सईवरून (नेटवर्कवरून बूट होताना) ती उतरायला लागणारा वेळ प्रत्येक मशीनला, प्रत्येक वेळी द्यावा लागतो.

पुन्हा होऊ नये म्हणून

एससीसीएमच्या ड्रायव्हर कॅटलॉगमध्ये इम्पोर्ट करण्याची पद्धत मोठ्या ठिकाणी त्रासच देते असं माझं ठाम मत झालं आहे. एकच ड्रायव्हर चार मॉडेलच्या पॅकमध्ये असला तर कॅटलॉगमध्ये त्याची नोंद एकच राहते आणि चारही पॅकेजेस त्या एकाच नोंदीला बांधलेली असतात. एका मॉडेलचं जुनं सामान साफ करायला गेलात आणि ती नोंद कन्सोलमधून काढलीत, की उरलेल्या तिघांचं पॅकेज लंगडं होतं. मग भीतीपोटी कुणीच काही काढत नाही आणि कॅटलॉग फुगत जातो. त्यात इम्पोर्टचा सोर्स आणि पॅकेजचा सोर्स हे दोन फोल्डर वेगळे ठेवावे लागतात, आणि नवा माणूस आला की हमखास एक फोल्डर ‘डुप्लिकेट’ समजून उडवतो.

त्यापेक्षा प्रत्येक मॉडेलचा पॅक आखूड पाथवर उघडा, डिझमच्या कॅप्चर-इमेजने त्याची एकच विम फाइल (अख्खा फोल्डर पोटात घेणारी इमेज) करा आणि ती साध्या पॅकेजमध्ये ठेवा. टास्क सिक्वेन्समध्ये ती उतरवायची, सी ड्राइव्हवरच्या एका रिकाम्या फोल्डरला माउंट करायची, अॅड-ड्रायव्हर रिकर्ससकट चालवायचं आणि अनमाउंट करायचं. हजारो बारीक फाइलींऐवजी एकच फाइल नेटवर्कवरून येते, त्यामुळे वेळ वाचतो. बिन फोल्डर आणि अधिकचं चिन्ह हे सगळं विमच्या पोटात गेल्यामुळे आयआयएसला ते दिसतच नाही, आणि ८०१९०१९४ चा तो प्रकार सर्व्हरला हात न लावता संपतो. कॅटलॉगही लागत नाही. मॉडेल बाद झालं की एक पॅकेज काढायचं, बाकी कुणाला धक्का नाही. कमांडचा लॉगपाथ मात्र एसएमएसटीएसलॉगच्याच फोल्डरमध्ये द्या, म्हणजे काही अडलं तर दोन्ही लॉग शेजारी-शेजारी मिळतात. आणि ‘कंटिन्यू ऑन एरर’ची टिक या स्टेपवर लावू नका.

नवा पॅक आला की तो थेट मशीनवर तपासायची गरज नाही. आपल्याच कंप्युटरवर विंडोज ११ ची इन्स्टॉल.विम माउंट करा आणि तिच्यावर तोच पॅक अॅड-ड्रायव्हरने घालून बघा. डिझम त्याच एडीकेमधला वापरा ज्याच्यावरून तुमची बूट इमेज बनली आहे. हॅशचा घोळ, लांब पाथ, खराब फाइल, आवृत्तीची विसंगती, तिसऱ्या टप्प्यातलं जवळपास सगळं तिथेच उघडं पडतं. अनमाउंट करताना डिस्कार्ड द्या. कमिट झालं तर त्या मॉडेलचे ड्रायव्हर तुमच्या मूळ इमेजमध्ये कायमचे जाऊन बसतील आणि इतर प्रत्येक मॉडेलवर उतरतील.